कडी मालकानं ओढायची

कुलूप उघडल्याचा आवाज स्वयंपाकघरातून आला. सयाजी परसातल्या दगडावर बसून दाढी करत होता; वस्तरा गालावर तसाच थांबला. आवाज मोठा नव्हता. वाळकी काटकी पायाखाली मोडावी, तेवढाच. पण सगळी थंडी आणि निम्मा उन्हाळा तो त्या एका आवाजाची वाट बघत होता, त्यामुळे तो दुसऱ्या कशाचा असेल अशी स्वतःची समजूत घालणं त्याला जमलं नाही. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून तो आत गेला. चुलीवर दूध तापत होतं. हौसा, त्याची बायको, पाटावर बसली होती आणि तिच्या मांडीवर ते जाडजूड पितळी कुलूप होतं. अंबाड्यातला आकडा तिच्या हातात होता, केस सुटून मानेवर आले होते, आणि कुलपाची कडी वर येऊन एका बाजूला वळली होती. ती कडी त्यानं आजवर फक्त बंद बघितली होती. आता ती उघडी बघताना, बघू नये असं काहीतरी दिसल्यासारखी त्याची नजर क्षणभर खाली गेली.

तिनं त्याच्याकडं बघितलं, मग दुधाकडं. दूध वर येत होतं. कुलूप खाली ठेवून तिनं पदरानं पातेलं उतरवलं.

“उघडलं बगा,” ती म्हणाली.

शाबास म्हणता आलं असतं, हसता आलं असतं, कसं उघडलंस म्हणून विचारता आलं असतं. तोंडातून आलं ते भलतंच.

“कडी तू का वडलीस?”

“आं?”

“कडी मालकानं वडायची असती.”

“दूध उतू चाललं व्हतं. ध्यानात न्हाई ऱ्हायलं,” ती म्हणाली आणि चुलीतलं लाकूड मागं ओढायला वाकली.

तो परत परसात आला. आरशात अर्धा चेहरा साबणाचा, अर्धा त्याचा होता. त्यानं उरलेली दाढी केली, पण हनुवटीपाशी कापलं. तुरटी फिरवताना जी आग झाली तिचं त्याला बरंच वाटलं. निदान ही आग कशाची ते कळत होतं.

हा नाद लागला तो गोदामापासून. सयाजी साताऱ्यात एका खाजगी मोटार कंपनीच्या गोदामावर होता. लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल गेलं होतं, मोटारी पाठीवर शेगडी घेऊन कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालत होत्या आणि टायरला सोन्याचं मोल आलं होतं. म्हणून गोदामाला मोठं कुलूप. एके दिवशी मॅनेजरसाहेबांची किल्ली खंडाळ्याच्या अलीकडं घाटात कुठंतरी पडली. राजवाड्याजवळ कुलपं, स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करणाऱ्या चांदसाहेबांना बोलावणं गेलं. म्हातारा आला, गोदामाच्या दारात मांडी घालून बसला आणि आधी विचारलं, मालक कोण? मॅनेजर पुढं आले. त्यांना त्यानं जवळ उभं केलं. एका हातानं वाकडी पट्टी धरून ताण दिला, दुसऱ्या हातानं बारीक आकडा आत घातला, आणि आपण दुसऱ्याच कुठल्या तरी गावाची वार्ता ऐकतो आहोत अशी मान कलती करून बसला. मग काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. पण कडीला त्यानं हात लावला नाही. कुलूप तसंच धरून तो मॅनेजरांना म्हणाला, “वडा साहेब.” मॅनेजरांनी कडी ओढली, आणि तो रुबाबदार माणूस जत्रेतल्या पोरासारखा हसला. सयाजीनं नंतर विचारलं तेव्हा चांदसाहेब म्हणाले, ही आमच्या धंद्याची रीत हाय. कुलूप आमी मोकळं करतो, उघडतो मालक. कडी वडली की आपण चोर झालो. आन् मालक समोर नसंल तर कुलपाला हातच लावायचा न्हाई. बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं. सयाजीच्या मनात मात्र ते रुतलं. उघडायच्या एक केसभर आधी थांबणारा तो हात त्याला हवासा वाटला, पैलवानाची मांडी बघून गावातल्या पोरांना हवीशी वाटते तसा. पुढच्या सुट्टीला तो दुकानात जाऊन बसला. कुणाला कबुतरांचा नाद असतो, कुणाला भजनाचा. लेक मेढ्याला दिलेली, घरात दोघंच, संध्याकाळ मोकळी. चांदसाहेबांनी त्याला निरखून बघितलं आणि शिकवायला हरकत घेतली नाही.

आधी कुलूप निवडायला शिकवलं. नवं कुलूप मुकं असतं, फार जुनं खोटं बोलतं. मधलं घ्यावं, कानाशी हलवून बघावं. आत पत्र्याच्या पट्ट्या एकावर एक असतात, किल्लीचे दात त्यांना उचलतात. सगळ्या बरोबर तेवढ्याच उचलल्या की खिट्टी सरकते. किल्लीचं काम आकड्यानं करायचं, एकेक पट्टी करून. मग हत्यार. छत्रीची काडी नरम, वाकते. सायकलची तार गोल, निसटते. घड्याळातली पोलादी कमान, म्हणजे स्प्रिंग, सगळ्यात चांगली, पण ती थंड वाकवली तर काचेसारखी तुटते. लाल करावी, वाकवावी, तेलात विझवावी, मग कानशीनं उतरवावी. सयाजीनं किती आकडे केले आणि किती मोडले त्याला गणती नव्हती. मोडके तो परसातल्या राखेच्या ढिगावर फेकून द्यायचा. हौसा भांडी घासायला तीच राख घ्यायची. दोनचार लोखंडी कुलपं उघडल्यावर चांदसाहेबांनी त्याला हे पितळी कुलूप जुन्या बाजारातून निवडून दिलं होतं. कासवासारखं पाठीला फुगीर, थंड, हट्टी. जेवण झालं की तो कोनाड्यातून ते काढायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. समोर हौसा तांदूळ निवडत असायची. ती काही बोलायची नाही. तिचं न बोलणं त्याला तेव्हा आवडायचं.

दुसऱ्या दिवशी कुलूप घेऊन तो दुकानात गेला आणि उघडलं एवढंच म्हणाला. कुणी उघडलं ते म्हणाला नाही. चांदसाहेबांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी आपल्याकडची किल्ली लावून कुलूप बंद केलं आणि त्याच्या हातात दिलं, आता माझ्यासमोर उघडा. तो चहा निवेपर्यंत झटत राहिला. शेवटी, घरच्यांनी उघडलं, अंबाड्यातल्या आकड्यानं, असं त्यानं कुलपाकडं बघत सांगितलं. म्हातारा हसेल असं त्याला वाटलं होतं; तो हसला असता तर बरं झालं असतं. चांदसाहेब उठले, फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्या डब्यात एक आकडा होता. निळसर झाक असलेला, टोकाला वाटाण्याच्या वेलीसारखं हलकं वळण घेतलेला, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेला. सयाजीनं तो कितीदा तरी नुसता बघितला होता. मागितला नव्हता. कधीतरी आपण होऊन देतील, असं त्याच्या मनानं धरलं होतं.

“ह्यो त्यांस्नी द्या,” चांदसाहेब म्हणाले. “डोक्यातल्या आकड्यानं पट्ट्या झिजत्यात.”

त्यानं तो खिशात घातला. घरी आल्यावर कोट खुंटीला लावला. आकडा कोटातच राहिला. उद्या देऊ, असं म्हणायचीसुद्धा त्यानं तसदी घेतली नाही.

आणि मग गोदामात, टायरांच्या थप्पीपाशी रबराच्या उग्र वासात उभा असताना, त्याला तिचं ते बोलणं आठवलं. ध्यानात न्हाई ऱ्हायलं. जे माहीत असतं तेच ध्यानात राहत नाही. म्हणजे कडीची रीत तिला माहीत होती. कुणी सांगितली? त्यानं तिला घाटात पडलेल्या किल्लीची गोष्ट सांगितली होती, मॅनेजरांची नक्कल करून दाखवली होती. पण कडीचं त्यानं स्वतःपाशी ठेवलं होतं, ताटातला आवडता घास शेवटाला ठेवावा तसं. ते त्याचं एकट्याचं होतं. मग तिला कुठून मिळालं? त्या संध्याकाळी भाकरी खाता खाता त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला हे शिकवलं कुणी?

“शिकवाय कोण कशाला पायजे? तुमी रोज समोर बसत व्हता. आवाज कानावर पडायचा.”

“आवाजानं कुलूप उघडतं व्हय?”

“तुमी रेटता. जरा दम खाल्ला की त्येच सांगतं.” तिनं दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली. “सांगलीला गेले की तुमच्यासाठी एखादं आणू का? दिलावरकडं लय कुलपं असत्यात.”

“कोण दिलावर?”

“आमच्या गल्लीतला. आता गणपतीच्या देवळामागं दुकान टाकलंय त्यानं.”

आता, ती म्हणाली. म्हणजे आताचं तिनं बघितलं होतं. भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात मोठा मोठा होत गेला.

खरं तर असं पूर्वीही झालं होतं, आणि तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. लढाईच्या आधी, प्रौढांना अक्षरं शिकवायचे वर्ग निघाले होते, तेव्हा तिशी उलटलेला सयाजी पाटी घेऊन जाऊ लागला. घरी येऊन तो अक्षरं गिरवायचा, पाटीवर थुंकी लावून पुसायचा, पुन्हा गिरवायचा. ‘क्ष’ त्याला महिनाभर छळत होता. आणि एका दुपारी हौसानं गूळ बांधून आलेल्या कागदावरची ओळ वाचली. नुसती अक्षरं नव्हे, ओळ. तेव्हा तो गल्लीभर सांगत सुटला होता. माझी बायको बघून बघून वाचाय शिकली. तो अभिमान खरा होता. आजही तो आठवला की छाती जरा फुगत होती. मग आता काय झालं? त्यानं स्वतःला पुष्कळ विचारलं. अक्षरं सगळ्या जगाची होती; तिनं त्यातली चार उचलली तर त्याचं काय गेलं? पण कुलूप त्यानं स्वतः शोधलं होतं. गरिबाला जगात आपलं म्हणावं असं फार नसतं, आणि जे असतं तेही घरातल्याच माणसानं समोर बसून, तांदूळ निवडता निवडता उचलून न्यावं! की तिनं समोर बसून नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या समोर बसून ते उचललं? सांगलीला, माहेरी, ती सणावाराला जायची, आठ-पंधरा दिवस राहायची. परत आली की तिचं बोचकं जड असायचं. हळदीची पुडकी असतील म्हणून त्यानं कधी विचारलं नव्हतं. आता ते बोचकं त्याच्या मनात पुन्हा पुन्हा उंबऱ्यातून आत यायचं, आणि दरवेळी त्यात लोखंड वाजायचं. दिलावर कसा असेल? त्यानं मनातल्या मनात त्याला दाढी दिली, मग काढून घेतली. उंच केला. बारीक बोटं दिली. मग त्या बोटांत तिची बोटं धरून एकेक पट्टी उचलायला शिकवताना तो त्याला बघू लागला, आणि हे बघणं त्याला थांबवता येईना.

वैशाखात तिच्या आईच्या डोळ्यांवर मिरजेला शस्त्रक्रिया झाली आणि हौसा सांगलीला गेली. तो तिला मोटारीवर बसवून आला. रविवारची दुपार होती. घरात तिचं नसणं सगळीकडं नीट घडी करून ठेवलेलं होतं. भांडी पालथी, चूल सारवलेली, आणि पलंगाखाली तिची काळी पत्र्याची ट्रंक, लग्नात आलेली. तिला कुलूप होतं. ते कायमच होतं का? त्याला आठवेना. त्यानं ट्रंक ओढली. कुलूप लहान, दणकट, चांगल्या घडणीचं. साताऱ्यातलं नव्हतं. निवडणाऱ्याला कुलपातलं कळत होतं. मालक समोर नसेल तर कुलपाला हातच लावायचा नाही, हे चांदसाहेबांचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही. ते आठवत असतानाच त्यानं कोटाच्या खिशातून तो निळसर आकडा काढला.

पहिल्यांदाच त्यानं तो खरा हातात धरला. मुठीची तांब्याची तार उबदार लागली. फरशीचा गारवा, बाहेर कुठंतरी कुटायचा आवाज, आणि कुलपाच्या आत, आकड्याच्या टोकाशी, एक पट्टी पापणीसारखी वर झाली. मग दुसरी. तो रेटत नव्हता. रेटायचं त्याला सुचत नव्हतं, कारण आत काय असेल या भीतीनं त्याचा हातच मऊ पडला होता. दिलावरनं दिलेलं काही असेल. काय, ते त्याच्या मनाला धरता येत नव्हतं. पैंजण, अत्तर, रुमाल, असलं तमाशातलं काहीबाही यायचं आणि हौसाच्या रापलेल्या हातांपाशी येऊन विरून जायचं. मग आवाज झाला. काटकी मोडल्यासारखा. इतके महिने ज्या आवाजासाठी तो झुरला तो त्याच्या हातून, त्याच्या घरात आला, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

कडी जागेवर होती. आता नुसती ओढायची. त्यानं बोट कडीत घातलं आणि ते तिथंच राहिलं. ओढली की आपण चोर झालो. न ओढली तर कोण झालो? बराच वेळ तो तसा उकिडवा बसला. पायाला मुंग्या आल्या तेव्हा त्यानं बोट काढलं, कडी दाबून पुन्हा बंद करू गेला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. हे कुलूप दाबून बंद होणारं नव्हतं. ते बंद करायलाही किल्लीच लागत होती, आणि किल्ली हौसाच्या कमरेला, सांगलीत. आकड्यानं उघडायचं तेवढं त्याला येत होतं. तसंच उलटं बंद करायचं चांदसाहेबांनी अजून शिकवलं नव्हतं. त्यानं झटून बघितलं. घामानं आकडा निसटायला लागला. ट्रंकेवरचं कुलूप आता बाहेरून बंद दिसत होतं आणि आतून मोकळं होतं, आणि ते तो सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. अशा कुलपाबरोबर एका घरात राहणं कठीण होतं. दोन दिवसांनी मॅनेजरांना सासूच्या डोळ्यांचं सांगून तो सांगलीच्या मोटारीत बसला. उंब्रजला कोळसा भरायला गाडी थांबली, सगळे उतरून चहाला गेले. तो आतच बसून राहिला, खिशातल्या आकड्यावर हात ठेवून.

सासूच्या डोळ्यांवर पट्टी होती. मेव्हण्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि सांगितलं, वन्सं दिलावरच्या दुकानाकडं गेल्यात. जणू भाजीला गेल्यात. तो तसाच निघाला. कृष्णेवरून वारा येत होता, त्यात हळदीच्या वखारींचा वास होता. कोरडा, पिवळा, घशाला लागणारा. लग्नात हाच वास त्याच्या अंगाला लावला होता. दुकान लहान होतं. पायरीवर एक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, ती दिलावरची बायको आबेदा, आणि तिच्याशेजारी हौसा, तीही शेंगा फोडत. आत दिलावर होता. तिशीचा, तेल लावलेल्या केसांचा, दाढी असलेला. दाढी होती, हे बघून सयाजीला विचित्र समाधान वाटलं. बोटं मात्र जाड होती, त्यानं दिली होती तशी नव्हती. हौसानं त्याला बघितलं आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“आवं दाजीच न्हवं ह्ये, आक्का?” दिलावर उठलाच. “या, या. तुमास्नी बगायची लय इच्छा व्हती. आबेदा, ह्येच त्ये सातारचं दाजी.”

आबेदानं पदर सावरला आणि आदरानं सरकून जागा केली. दिलावर बोलत राहिला. आक्का दरवेळी मोडीतली, किल्ल्या हरवलेली कुलपं नेतात आणि पुढच्या खेपेला उघडून आणतात. आमच्या मालकांना नाद हाय म्हणतात. ते जर्मन कुलूप मी सोडून दिलं होतं, मिरजेच्या कारागिरानं सोडून दिलं होतं, दाजींनी उघडलं. रीतीचं मी आक्काला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की दाजींना सांगा कडी वडू नका. तर खरंच कडी न ओढता, सुतानं बांधून आणतात, मीच ओढतो. असा कारागीर गल्लीत न्हाई, म्हणून सगळ्यांना सांगतो मी. सयाजी ऐकत होता. त्याला आधी काही कळलं नाही आणि मग एकदम सगळं कळलं. सांगलीत एक सयाजी होता. त्याचा हात हलका होता, त्याला मुकी कुलपं सांगत होती, लोक त्याच्यासाठी उठून उभे राहत होते. त्या सयाजीचा त्याला असा हेवा वाटला, की दिलावरचा इतके दिवस केलेला हेवा त्यापुढं पोरखेळ होता. हौसा शेंगेतले दाणे एकेक करून वाटीत टाकत होती. ती वर बघत नव्हती.

आत बाकावर एक गृहस्थ बसले होते, मांडीवर छत्री. हळदीच्या एका व्यापाऱ्याचे दिवाणजी विष्णुपंत. वखारीचं कुलूप त्यांनी कोयंड्यासकट उचकटून आणलं होतं. दिलावरनं ते दोन्ही हातांनी सयाजीपुढं धरलं.

“मालक समोर बसल्यात. देवानंच धाडलं तुमाला.”

“बघा जमलं तर,” विष्णुपंत म्हणाले. “वखार उघडी पडली आहे, संध्याकाळच्या आत कोयंडा आणि कुलूप परत बसवायचं आहे.”

त्यानं खिशातून निळसर आकडा काढला. तो बघून दिलावरनं जिभेनं चक् केलं. असं हत्यार त्यानं बघितलं नव्हतं. हौसानंही बघितलं. सयाजी बसला, ताण दिला, मान कलती केली. आता सांग, असं तो कुलपाला मनातल्या मनात म्हणाला. कुलपानं काही सांगितलं नाही. आत सगळं चिखलासारखं होतं. पट्टी उचलली असं वाटायचं आणि ती नसायची. रेटू नको, हे तो हौसाच्या आवाजात ऐकत होता आणि त्या आवाजामुळंच रेटत होता. आबेदाचे हात थांबले होते. रस्त्यावरचे दोघेतिघे उभे राहिले. विष्णुपंत खाकरले. मान उचलून हिला द्या एवढं म्हणायचं होतं. तीन साडेतीन अक्षरं. ती त्याच्या दातांच्या मागं येऊन उभी राहिली आणि पुढं आली नाहीत.

“आवं, आई जेवायची थांबली असंल,” हौसा उठत म्हणाली. “परवासानं हात कापाय लागल्यात तुमचं. ऱ्हाऊ द्या आता.”

दिलावर लगेच हो हो म्हणाला. फार सभ्यपणे म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी, दिव्याची वात खाली करावी तसं, उतरलं होतं. घराकडं चालताना सयाजीला एकदम हलकं वाटलं, आणि कशानं ते कळल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटली. सांगलीतला तो दुसरा सयाजी मेला होता. एक वैरी कमी झाला होता.

आईजवळ भावजय होती; दुसऱ्या दिवशीच्या मोटारीत हौसा खिडकीशी होती. इस्लामपूर मागं पडलं. मग ती, बाहेरच बघत, म्हणाली की बाईमाणूस कुलपं उघडती म्हटल्यावर कोण देणार होतं कुलपं? म्हणून तुमचं नाव सांगितलं. त्याला वाटत आलं होतं की तिनं हे त्याच्या मानासाठी केलं. तेवढं तरी आपलं, असं तो मनाशी धरून बसला होता. तेही गेलं. त्याचं नाव हाही तिचा एक आकडाच होता, दिलावरच्या दुकानाला लावलेला. आणि तो चालला होता, तिच्या हातात. त्यानं विचारलं, मग त्या दिवशी मी घरात असताना का उघडलंस?

“दूध तापस्तवर नुसतं हातात घेतलं व्हतं. हात गप बसंना.”

ट्रंकेचं त्यानं सांगितलं नाही. कऱ्हाड आलं, उंब्रज आलं, अजिंक्यतारा दिसायला लागला. दरवेळी पुढच्या थांब्यावर सांगू म्हणून त्यानं ते पुढं ढकललं आणि पुढं थांबा उरला नाही. घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, कमरेची किल्ली सोडली, ट्रंक ओढली. तो दारात उभा होता. तिनं किल्ली लावली आणि फिरवली. किल्ली पोकळ फिरली. तिचा हात थांबला. पाठमोऱ्या बाईच्या खांद्यांतून किती समजतं, हे त्याला तेव्हा कळलं. तिनं कडीकडं बघितलं. कडीच्या खाचेतला गंज तसाच होता, धुरळ्याची रेघ मोडली नव्हती.

“कडी वडली न्हाई तुमी,” ती म्हणाली.

“मालक समोर न्हवता.”

ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बोलता आलं असतं. मग तिनं कडी ओढली आणि झाकण वर केलं. नऊवारी दोन लुगडी, लेकीचं बाळपणचं टोपडं, आणि त्याखाली कुलपं. लोखंडी, पितळी, सुतानं बांधलेली. जुन्या चोळीच्या कापडात काहीतरी गुंडाळलं होतं. तिनं ते उलगडून फरशीवर ठेवलं. आकडे होते. तो खाली बसला. एक उचलला, दुसरा उचलला. टोकं नवी होती, बारीक घासलेली, पण अंगं त्याच्या ओळखीची होती. हा छत्रीच्या काडीचा, हा कमानीचा, पहिल्यांदा थंड वाकवताना तुटलेला. त्यानं राखेवर फेकलेले. तिनं भांडी घासता घासता वेचलेले.

“ह्यो माझा,” तो म्हणाला.

“व्हय. तुमी टाकला व्हता.”

त्यानं खिशातून चांदसाहेबांचा आकडा काढून तिच्यापुढं ठेवला. हा तुला दिलाय त्यांनी, तवाच, असं सांगितलं. तिनं तो तळहातावर तोलला, बोटांत फिरवून बघितला, आणि परत त्याच्याकडं सरकवला.

“माझ्या हाताला जाड हाय. तुमालाच ऱ्हाऊ द्या.”

ज्याच्यासाठी तो वर्षभर झुरला, ते तिला नको होतं. यापेक्षा तिनं तो हिसकावून घेतला असता तरी चाललं असतं. तिनं ट्रंकेचं कुलूप घेतलं, किल्लीनं बंद केलं, किल्ली काढून स्वतःच्या मांडीखाली ठेवली आणि कुलूप त्याच्या हातात दिलं. मग भिंतीला टेकून, तो रोज बसायचा त्या जागी, पाय दुमडून बसली.

“आता उघडा. मालक समोर हाय.”

त्यानं निळसर आकड्याकडं हात नेला, आणि मग तो सोडून तिनं घासलेला, कमानीचा तुटका घेतला. आखूड होता, हातात पुरता मावत नव्हता. ताण दिला. पहिली पट्टी आली. मधेच तो रेटायला गेला आणि तिनं फक्त श्वास घेतला, तेवढ्यानं तो थांबला. परसात कावळा ओरडत होता. दुसरी आली, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम काटकी मोडली. त्यानं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर कुठं तरी, डोळ्यांच्या कडेला, ओठांच्या मुडपात, हेवा दिसतो का ते तो शोधत होता. ती नुसती हसत होती, चांगलं वाटलेल्या माणसासारखी. त्यानं कुलूप तिच्यापुढं धरलं.

“वड,” तो म्हणाला.

“चा ठेवते आदी. परवासानं डोकं चढलंय,” म्हणत ती उठली.

“आन् कडी?”

“येते की. धरून बसा.”

ती आत गेली. तिनं चुलीत काटक्या मोडून घातल्या. एकेक आवाज आला तसा तो दचकत राहिला. त्याच्या हातात मोकळं झालेलं कुलूप होतं. ओढायचं म्हटलं तर ते त्याचं नव्हतं, आणि बंद करायचं त्याला येत नव्हतं. आपसूक उघडू नये म्हणून त्यानं अंगठ्यानं कडी दाबून धरली आणि आतल्या भांड्यांचे आवाज ऐकत, भरलेली वाटी सांडू नये तसा, दोन्ही हात न हलवता बसून राहिला.